बॉक्स टर्टल पाळताना: सांगली-साताऱ्यातून वारंवार येणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, वाई, पाटण या पट्ट्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात तेच इथे घेतले आहेत. कासव अजून घेतलं नसेल तर पहिले चार प्रश्न आधी वाचा. कासव घरात आलेलंच असेल तर पाचव्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पण तिसरा चुकवू नका.

१. बॉक्स टर्टल म्हणजे नेमकं कोणतं कासव? आपल्या नदीतल्या कासवापेक्षा वेगळं काय?

हे मूळचं उत्तर अमेरिकेतलं कासव. जंगलाच्या कडेला, ओलसर पालापाचोळ्यात राहणारं. पाठ उंच आणि घुमटाकार, आणि पोटाच्या कवचाला मधोमध आडवी बिजागरी. धोका वाटला की डोकं, पाय, शेपूट आत घेतं आणि पोटाच्या दोन्ही झडपा वर ओढून स्वतःला बंद करून घेतं. पूर्ण वाढलेलं कासव साधारण ११ ते १५ सेंमी लांब असतं. आयुष्य ३० ते ५० वर्षं, क्वचित त्याहूनही बरंच जास्त.

ते पाण्यातलं नाही आणि कोरड्या माळावरचंही नाही. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. कोणी त्याला माशांच्या टाकीत ठेवतं, कोणी पुठ्ठ्याच्या कोरड्या खोक्यात, आणि दोन्हीकडे ते हळूहळू खंगतं. ईशान्य भारतात आढळणारी आशियाई बॉक्स टर्टल वेगळी. ती आपली वन्य कासवं आहेत, ती पाळायची नाहीत. या पानावरची माहिती फक्त अमेरिकन जातींची आहे.

२. मत्स्यालयाच्या दुकानातून "बॉक्स टर्टल" म्हणून हिरवं पिल्लू आणलंय. तेच का हे?

डोळ्यामागे लाल पट्टा, कवच हिरवं आणि चपटं, मागच्या बोटांमध्ये पडदा असेल तर ते रेड-इअर्ड स्लायडर. आपल्याकडे दुकानात दिसणारी बहुतेक कासवं तीच. स्लायडर पाण्यात राहतं, त्यामुळे खालची माती-पालापाचोळ्याची माहिती त्याला लागू नाही.

त्याच्यासाठी थोडक्यात: कवचाच्या दर इंचामागे निदान ४० लिटर पाणी, चांगला फिल्टर, पाण्याबाहेर कोरडं बसायला जागा, त्या जागेवर उष्णतेचा दिवा आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारी) ट्यूब. रुपयाएवढं पिल्लू आणताना कोणी सांगत नाही, पण मादी दहा-बारा इंचांची होते. प्लास्टिकच्या नारळाचं झाड असलेल्या त्या टबात ते जगणार नाही.

३. बॉक्स टर्टल पाळणं कायदेशीर आहे का? नोंदणी लागते का?

नोंदणीसह, हो. त्याशिवाय नाही. अमेरिकन बॉक्स टर्टल साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार करारात आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधले परदेशी प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. त्यांच्या नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले. आधीपासून प्राणी असलेल्यांना तेव्हा सहा महिन्यांची मुदत होती. आता नवा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करावा लागतो. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी ते कळवावं लागतं.

घेताना विक्रेत्याच्या नावावर त्याच प्राण्याची नोंद आहे का, ते पाहा. "सर, बिल देतो की" यावर जाऊ नका, नुसत्या बिलाला इथे किंमत नाही. कागद नसलेलं कासव घरात असेल तर गुपचूप विकणं किंवा नदीत सोडणं हा मार्ग नव्हे. उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी माहिती द्या आणि ते सांगतील तसं करा.

४. मग देशी कासव पाळलं तर? आमच्या विहिरीत वर्षानुवर्षं आहे.

विहिरीत आपोआप आलंय, तर राहू द्या. पकडून टबात आणलं की गुन्हा. चांदणी कासव (पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते) आणि नदी-तळ्यातलं मऊ पाठीचं कासव दोन्ही त्याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणात आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. वास्तूसाठी ठेवलंय, भेट मिळालंय, मुलाचा हट्ट होता, यातलं काहीही तिथे चालत नाही.

कृष्णा-वारणेला पूर आला की मऊ पाठीची कासवं हरिपूर, सांगलवाडीकडच्या अंगणांत आणि उसात येतात. असं कासव दिसलं तर डोक्याकडे हात नेऊ नका, मान लांब काढून चावतं. ओलं पोतं टाकून मोठ्या टबात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

५. काचेच्या टाकीत ठेवलं तर चालेल का?

नको. बॉक्स टर्टलला काच कळत नाही. आरपार दिसतंय म्हणून ते दिवसभर नाक घासत राहतं आणि नाकपुडीच्या टोकाची कातडी सोलते. दुसरं, काचेच्या टाकीत हवा कोंडते. तशी टाकी ऊन दाखवायला म्हणून गच्चीवर ठेवली तर काही मिनिटांत आतलं तापमान जीवघेणं होतं. ऊन काचेतून आलं तर यूव्हीबी गाळलं जातं, म्हणजे खिडकीतल्या उन्हाने चटका मिळतो, फायदा नाही.

६. अंगणात वाफा करायचा आहे. किती मोठा आणि कसा बांधायचा?

आपल्या हवेला सगळ्यात उत्तम व्यवस्था हीच. एका कासवाला ८ × ४ फूट धरा. जागा पूर्व बाजूला मोकळी असावी, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं, आणि दुपारनंतर झाडाची किंवा भिंतीची सावली पडावी.

पाया जमिनीखाली एक फूट घ्या. कासव उकरतं आणि घूस बाहेरून पोखरत येते, एका पायाने दोन्हीचा बंदोबस्त होतो. वर विटांची दीड फूट भिंत, आतून गुळगुळीत गिलावा. भिंतीच्या माथ्यावर आतल्या बाजूला तीन-चार इंच शहाबादी फरशीची पट्टी बाहेर काढा. बॉक्स टर्टल चढण्यात पटाईत असतं, विशेषतः कोपऱ्यात दोन भिंतींना पाय लावून वर सरकतं. ही पट्टी नसेल तर एका रात्रीत गायब होईल. वर चौकटीत बसवलेली अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी हवीच. कोंबडीजाळी वापरू नका, घूस आणि मुंगूस ती वाकवतात. कावळे लहान पिल्लं उचलतात, हेही लक्षात असू द्या.

आत दोन आडोसे: एक ओलसर बाजूला, एक कोरड्या. जुनं मंगलोरी कौल किंवा आडवी पुरलेली फुटकी कुंडी पुरे. लावायला जास्वंद, नेफ्रोलेपिस (एक नेचं), गवत. कण्हेर, रुई, डिफेनबॅकिया, क्रोटन वाफ्यात नकोत. चार कोपऱ्यांपैकी एकात पाणी जायला जाळी लावलेला पाईप ठेवा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की त्याची गरज कळते.

७. आतली माती कोणती? आमच्याकडे सगळी काळीच आहे.

नुसती काळी माती नको. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती पायाला लिंपून बसते, आणि कासवाला उकरताच येत नाही. दोन भाग भिजवलेलं कोकोपीट, एक भाग लाल माती, वर दोन-तीन इंच आंबा-फणसाचा वाळका पाला. एकूण थर सहा ते आठ इंच, म्हणजे त्याला पूर्ण गाडून घेता येतं. नर्सरीत मिळणारी पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून साठ लिटरच्या वर भरते. ती आधी एकदा धुवून घ्या, काही विटांमध्ये मीठ फार असतं.

मूठभर मिश्रण दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून अनेक जण टाकतात, पण त्याच्या कडा धारदार असतात आणि डोळ्यांना इजा होते. चिपाड दोन दिवसांत आंबतं आणि त्याला बुरशी येते.

८. फ्लॅटमध्ये राहतो, अंगण नाही. तरी पाळता येईल?

येईल, पण खर्च आणि रोजचं काम वाढतं. किमान ४ × २ फुटांची लाकडी किंवा अपारदर्शक प्लास्टिकची पेटी घ्या, भिंती दीड फूट. आत सातव्या प्रश्नातलीच माती. एका टोकाला उष्णतेचा बल्ब असा लावा की खाली २९ ते ३१ अंश मिळतील, दुसरं टोक २२ ते २४ च्या आसपास राहू द्या. अंतर अंदाजाने ठरवू नका. कासवाच्या पाठीच्या उंचीवर प्रोबचा डिजिटल थर्मामीटर ठेवून मोजा. पाच टक्क्यांची यूव्हीबी ट्यूब दहा-बारा इंचांवर, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, दिवसाला १२ तास. ती जळत राहिली तरी तिचं यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून वर्षाच्या आत बदला. हवेतली आर्द्रता ६० ते ८० टक्के.

वीज गेली तर? दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. रात्री दिवे बंदच ठेवायचे असतात.

९. एप्रिल-मेमध्ये सांगलीत ४० अंश होतं. कासव खातच नाही.

खाणार नाही, आणि ते बरोबर आहे. ३२ च्या पुढे ते सावली शोधतं, मातीत शिरतं आणि पडून राहतं. काळजीची खूण वेगळी: तोंडाला फेस, मान आणि पुढचे पाय लाळेने ओले, मागच्या पायांवर लघवी. अंग गार करायची ही त्याची शेवटची धडपड. असं दिसलं तर लगेच सावलीत आणा, साध्या पाण्यात (माठातल्या नव्हे) हनुवटीपर्यंत बसवा. बर्फ किंवा फ्रीजचं पाणी नको.

ती वेळ येऊ नये म्हणून मार्चमध्येच वाफ्याच्या निम्म्या भागावर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट टाका, ओलसर बाजूची माती फूटभर खोल करा आणि सकाळी सात व संध्याकाळी सहाला झारीने पाणी मारा. भर दुपारी मारू नका, वाफ उठते. जत, आटपाडीच्या कोरड्या हवेत दिवसाला तीनदा मारावं लागेल. खायला सकाळी सूर्य वर यायच्या आत द्या.

१०. आणि पावसाळ्यात? आम्ही महाबळेश्वरच्या पायथ्याला आहोत.

पाऊस त्याला आवडतो. रिमझिम सुरू झाली की बाहेर येऊन गांडुळं शोधत फिरतं. त्रास होतो तो सततच्या चिखलाचा. वाई, पाटण, महाबळेश्वरकडे वाफ्याच्या अर्ध्या भागावर पत्र्याचं किंवा पॉलीकार्बोनेटचं छप्पर हवं, म्हणजे एक बाजू कायम कोरडी राहते. नाहीतर पोटाच्या कवचावर मऊ, पांढुरके, वास येणारे डाग पडतात. आठवड्यातून एकदा उलटं करून पोट बघा, आणि जास्त वेळ उलटं धरू नका. जखमेवर माशी बसली तर दोन दिवसांत अळ्या होतात. जुलै-ऑगस्टमध्ये कुठलीही खरवड दिसली तर कासव घरात घ्या. आठवडाभर ऊन नसेल तर आठव्या प्रश्नातली ट्यूब वापरा.

११. थंडीत झोपवायचं (शीतनिद्रा) का? इंटरनेटवर फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात.

अमेरिकेतल्या थंडीसाठी ते ठीक आहे. आपल्याकडे डिसेंबरमध्ये रात्री १२-१४ अंश आणि दुपारी २८-३० असतात. रात्री ते सुस्त होतं, दुपारी जागं होतं, पण पचनापुरती ऊब टिकत नाही. पोटात अन्न कुजतं, साठवलेली चरबी संपते. हा अर्धवट झोपेचा प्रकार पूर्ण झोपेपेक्षा जास्त कासवं मारतो. नवख्याने झोपवूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री १८ च्या खाली जाऊ देऊ नका. पेटी घरात घ्या आणि दिवसा दिवा लावा. झोपवल्याने आयुष्य वाढतं, असं काही नाही.

१२. पाण्याचं भांडं केवढं?

मातीचं पसरट तसराळं, कासवाच्या दुप्पट रुंद, काठ जमिनीशी समपातळीत पुरलेलं. पाणी हनुवटीपर्यंत, म्हणजे साधारण दीड इंच. बॉक्स टर्टल खोल पाण्यात बुडून मरतं, हे अनेकांना खरं वाटत नाही. ते पाण्यातच शी करतं, त्यामुळे पाणी रोज बदलायचं. पेटीतल्या कासवाला आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा.

१३. खायला काय, किती आणि कधी?

मोठ्या कासवाला निम्मं मांसाहारी, निम्मं शाकाहारी, एक दिवसाआड. पिल्लाला रोज, आणि त्यात किड्या-गांडुळांचा भाग जास्त. एका वेळी कासवाच्या डोक्याएवढ्या दोन-तीन ढिगांपेक्षा जास्त नको.

मांसाहारात गांडुळं, नाकतोडे, गोगलगायी, कधीतरी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. गांडूळखताच्या युनिटमधली लाल गांडुळं उग्र वासाची असतात, बरीच कासवं ती तोंडात घेऊन थुंकतात. ओलसर मातीतली साधी गांडुळं बरी. पण ती तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागेतून किंवा फवारलेल्या उसातून आणू नका. औषध गांडुळात उतरतं आणि तिथून कासवात. सगळ्यात सोपं म्हणजे घरच्या एका कुंडीत ओला पाला टाकून ती वाढवणं.

शाकाहारात लाल भोपळा, गाजर, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं-पानं, तुतीची पानं, बटण किंवा धिंगरी अळिंबी. फळं (पपई, अंजीर, स्ट्रॉबेरी) एकूण खाण्याच्या दहाव्या भागापर्यंत. गोडाची चटक लागली की बाकी सगळं सोडतं. पालक आणि राजगिरा रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. पोळी, भात, दूध, पाव, कुत्र्याचं खाणं, बेदाणे अजिबात नको. आठवड्यातून दोनदा फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची भुकटी चिमूटभर भुरभुरा, आणि कटलबोनचा (कटलफिश या समुद्रजीवाच्या आतल्या कवचाचा) तुकडा वाफ्यात कायम पडलेला असू द्या.

खात नसेल तर आधी तापमान तपासा, मग पदार्थ बदला. लाल आणि पिवळ्या रंगाकडे ते पटकन वळतं. पाणी मारल्यावर लगेच खाणं ठेवलं तर अडून बसलेलं कासवही बहुधा तोंड लावतं.

१४. डोळे सुजलेत, उघडतच नाहीत. कोणते ड्रॉप घालू?

ड्रॉप घालून हे बरं होत नाही. बहुतेक वेळा कारण अ जीवनसत्त्वाची कमतरता, म्हणजे महिनोन्‌महिने काकडी-कोबीवर ठेवलेलं कासव. त्याच कारणाने डोळ्याच्या मागे, कानाच्या जागी सुपारीएवढी गाठ येते. आतला पू पनीरसारखा घट्ट असतो, दाबून निघत नाही, डॉक्टरांनी कापूनच काढावा लागतो. सुरुवातीची सूज असेल तर भोपळा, गाजर, रताळं वाढवा. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घरी देऊ नका, जास्त झालं की कातडी सोलून निघते.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, मान ताणलेली: हा फुप्फुसाचा संसर्ग. त्याच दिवशी डॉक्टर.

१५. इथे कासवाचे डॉक्टर कुठे? गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं तर?

दाखवा, पण एक गोष्ट आधी सांगा: आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. गुरांच्या जंत-गोचिडांसाठी ते सर्रास वापरतात, कासवाला ते मारक आहे. अगदी थोडा डोसही. जंतांचं औषध देण्यापूर्वी ताजी शी तपासून घ्या. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गंभीर प्रकरण असेल तर तिथे आधी विचारणा करून न्या. जाताना दर आठवड्याच्या वजनाची नोंदवही घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजन दहा टक्के घटलं असेल तर वाट बघत बसू नका, मग ते खात असलं तरी.

१६. एकटं कंटाळत नाही का? जोडी आणू?

कंटाळत नाही, रानात एकटंच असतं. दोन नर एकमेकांना चावतात. एक नर आणि एक मादी ठेवली तर नर तिला सुखाने खाऊ देत नाही. ठेवायचीच असेल तर दोन माद्या, आणि वाफा दीडपट. नराच्या पोटाचं कवच मागच्या बाजूला खोलगट, शेपूट जाड आणि लांब, बऱ्याचदा डोळे लालसर. मादीचं पोट सपाट, डोळे तपकिरी.

१७. आमच्याकडे एकच मादी आहे, तरी अंडी घातली. कसं शक्य आहे?

नराचं बीज ती चार वर्षांपर्यंत शरीरात साठवून ठेवू शकते. नर कधीच भेटला नसेल तर अंडी फोल. एका वेळी साधारण तीन ते सहा. ती उचलताना फिरवू नका, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि तशीच ठेवा. थंड तापमानाला, साधारण २७ च्या खाली, बहुतेक नर निघतात, २९ च्या वर बहुतेक माद्या. पिल्लं निघाली तर तिसऱ्या प्रश्नातली नोंद वेळेत करा. मादी दिवसेंदिवस उकरत राहते पण अंडी घालत नसेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, एक्स-रे लागेल.

१८. घरात लहान बाळ आहे. धोका?

कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, कासव निरोगी दिसत असलं तरी. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांखालची कासवं पाळायला विकायला बंदी आहे. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांनी हाताळू नये. भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. हात साबणाने.

१९. पुराच्या वेळी कासवाचं काय करायचं?

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. नदीकाठी राहत असाल तर ४० ला डबा तयार हवा: झाकणाचा प्लास्टिक टब, बाजूंना भोकं, तळाला ओलं कोकोपीट. आत पाणी नको, हेलकाव्यात बुडतं. नोंदणीची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून टबाच्या झाकणाला आतून चिकटवा. निवारा केंद्रात हेच कासव "नदीचं पकडलंय" असं वाटू शकतं. आठवडाभर खाणं नाही मिळालं तरी चालतं, पाणी मात्र रोज दाखवा. पूर ओसरल्यावर वाफ्यातली सगळी माती काढून टाका. भिंतींना चुना मारला असेल तर धुवून आठवडाभर उन्हात वाळू द्या, मगच नवी माती.

२०. एक जण "वीस नखी आहे का, लाखात घेतो" म्हणून फोन करतोय. खरं असतं का?

नाही. बॉक्स टर्टलच्या पुढच्या पायांना पाच-पाच नखं, मागच्यांना चार, काही जातींत तीन. नदीतल्या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे एकूण बारा. वीस नखांचं कासव पैशाचा पाऊस पाडतं असं सांगणाऱ्या टोळ्या लोकांना लुबाडतात आणि कासवं मारतात. मोजायलासुद्धा कोणाला घरी बोलावू नका. क्रमांक जपून ठेवा आणि पोलिसांना किंवा १९२६ ला कळवा.

२१. आता सांभाळणं जमत नाही. कृष्णेत किंवा देवळाच्या तळ्यात सोडलं तर?

बॉक्स टर्टल कृष्णेत बुडेल, तळ्याच्या काठावर कुत्री फोडतील. स्लायडर जगेल, आणि ते जास्त वाईट. जगातल्या शंभर सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत ते आहे, देशी कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं बळकावतं.

नोंदणी असेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, पोर्टलवर हस्तांतरण करून. सोबत वजनाची वही, ते काय खातं याची यादी आणि जुन्या वाफ्यातली बादलीभर माती द्या. ओळखीच्या वासाच्या मातीत ते लवकर रुळतं. नव्या जागी पहिले दोन-तीन आठवडे खाल्लं नाही तरी घाबरू नका, पण वजन करत राहा. घेणारा मिळत नसेल तर वनविभागाला लेखी कळवा, आणि ते घेऊन जाईपर्यंत रोजचं पाणी चुकवू नका.